वेबसाइटचा सातबारा कोणाच्या नावावर? लहान व्यवसायासाठी वेब डिझायनर निवडताना

जळगावात आमच्या घरी पापड, कुरडया, बिबडे (ज्वारीचे पापड) आणि काळा मसाला तयार करण्याचा लहान उद्योग आहे. काही वर्षांपूर्वी आम्ही एका डिझायनरकडून वेबसाइट करून घेतली आणि तिचा पत्ता आठ हजार पिशव्यांवर छापला. पुढच्या वर्षी आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, पंधरा दिवस आधी, मागणीच्या ऐन हंगामात, ती वेबसाइट अचानक बंद पडली. चौकशी केल्यावर कळले की डोमेनची, म्हणजे वेबसाइटच्या नावाची, मुदत संपली होती. नूतनीकरणाची सूचना ज्या ईमेलवर गेली तो ईमेल डिझायनरचा होता, आणि डिझायनर नोकरीसाठी गाव सोडून गेला होता. त्याचा जुना फोन लागत नव्हता. माल आमचा, पिशव्या आमच्या, ग्राहक आमचे, परंतु नावाची नोंदणी त्याची असल्यामुळे आम्हाला काहीही करता आले नाही. शेवटी नवे नाव घेतले, आणि वहिनी व मी तीन रात्री बसून पिशव्यांवरच्या जुन्या पत्त्यावर नव्या पत्त्याच्या चिकटपट्ट्या लावल्या.

जमीन घेताना सातबारा कोणाच्या नावावर आहे आणि त्यावर कोणाचा बोजा आहे, हे पाहिल्याशिवाय आपल्याकडे कोणी विसार देत नाही. वेबसाइट करून घेताना मात्र आपण रंग आणि चित्रे पाहून पैसे देतो आणि नोंदी कोणाच्या नावावर आहेत हे विचारतही नाही. डिझायनर निवडण्याविषयी पुढे जे लिहिले आहे, त्याचा मुख्य भाग या एका प्रश्नाभोवती आहे. इतर गोष्टीही महत्त्वाच्या आहेत, पण त्या चुकल्या तर दुरुस्त करता येतात. मालकी चुकली तर बहुधा पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागते.

वेबसाइट कशासाठी हवी आहे?

डिझायनरला फोन करण्यापूर्वी एक कोरा कागद घ्यावा आणि त्यावर तीन गोष्टी लिहाव्यात: वेबसाइटवर कोण येणार, त्याला काय पाहायचे असणार आणि पाहून झाल्यावर त्याने काय करावे अशी आपली अपेक्षा आहे. हे तीन मुद्दे लिहिता येत नसतील, तर काही महिने थांबलेले बरे. गावातच ग्राहक असलेल्या दुकानाला, शिकवणीला किंवा दवाखान्याला आरंभी गुगलवरील व्यवसायाची नोंद आणि व्हॉट्सॲप बिझनेसवरील कॅटलॉग पुरेसे होतात. या दोन्हींना पैसे लागत नाहीत. गुगलवरील नोंदीमध्ये वेळा, नकाशावरील जागा, फोन आणि छायाचित्रे व्यवस्थित भरली, तर ‘जवळपास’ असे शोधणारा ग्राहक तेथूनच थेट फोन करतो. जो डिझायनर ही गोष्ट आपण होऊन सांगतो आणि आधी ही नोंद नीट करून घ्या असे सुचवतो, त्याच्याविषयी माझे मत पहिल्या भेटीतच चांगले होते.

वेबसाइटची खरी गरज पडते ती ग्राहक दूर असतो आणि त्याने आपल्याला कधी पाहिलेले नसते तेव्हा. रावेर किंवा सावद्याच्या केळी निर्यातदाराचा खरेदीदार परदेशात असतो. त्याला पॅकहाऊसची छायाचित्रे, अपेडाची (शेतमाल निर्यातीच्या सरकारी संस्थेची) नोंदणी, शीतगृहाची सोय, पाठवणीचे महिने आणि बोलण्यासाठी एक माणूस हवा असतो. ऑनलाइन पैसे भरण्याच्या सोयीचा त्याला काही उपयोग नसतो. जळगावच्या औद्योगिक वसाहतीतील चटई किंवा पाइपच्या कारखान्याला मापे, जाडी, रंग आणि किमान मागणी यांचे तक्ते हवेत. दोंडाईचा-नंदुरबारकडील मिरची पावडरीच्या उद्योजकाला घाऊक आणि किरकोळ असे दोन निराळे रस्ते दाखवावे लागतात. आमच्यासारख्या घरगुती उद्योगाला पाव किलो बिबडे पुण्याला कसे पोहोचतील आणि वाटेत तुटणार नाहीत ना, याचे उत्तर पहिल्याच पानावर द्यावे लागते. हे चारही व्यवसाय खान्देशातले असले तरी त्यांच्या वेबसाइटी एकमेकींसारख्या असण्याचे काहीच कारण नाही. म्हणून आपला व्यवसाय समजून घेण्यापूर्वी जो पाच पानांचे ‘पॅकेज’ सांगतो, त्याच्याशी बोलणे तेथेच थांबवावे.

डिझायनर कोठे शोधावा?

सर्वांत भरवशाचा मार्ग म्हणजे आपल्यासारख्याच दुसऱ्या उद्योगाची वेबसाइट आवडली तर तिच्या मालकाला विचारणे. बहुतेक वेबसाइटींच्या अगदी तळाशी ती तयार करणाऱ्याचे नाव असते, तेही पाहावे. जळगाव, धुळे, शिरपूर आणि भुसावळ येथे अभियांत्रिकी महाविद्यालये आहेत आणि तेथील अनेक मुले-मुली शिकता शिकता ही कामे घेतात. त्यांच्यापैकी काहींचे काम फार चांगले असते व दरही परवडतो. त्यांच्याकडे काम देताना एवढे लक्षात घ्यावे की परीक्षेच्या काळात काम थांबेल आणि शिक्षण संपल्यावर त्यांच्यापैकी बरेच जण पुण्या-मुंबईला जातील. हा त्यांचा दोष नाही, आणि त्यासाठी त्यांना काम नाकारू नये. सर्व नोंदी आरंभापासून आपल्या नावावर असतील तर ते गेल्यानंतरही दुसरा कोणी काम पुढे चालवू शकतो.

स्थानिक माणूस घ्यावा की मोठ्या शहरातील कंपनी, असे मला नेहमी विचारले जाते. लहान व्यवसायासाठी माझा कल स्थानिक माणसाकडे आहे, कारण तो एकदा कारखान्यात किंवा गच्चीवर येऊन काम पाहू शकतो आणि त्याला आपला ग्राहक ठाऊक असतो. मात्र हजार वस्तूंचे दुकान, साठ्याचा हिशेब आणि कुरिअरशी जोडणी असे काम असेल, तर ते करण्याचा अनुभव असलेला माणूस कोठेही असला तरी चालेल. ‘डिझायनर’ आणि ‘डेव्हलपर’ ही दोन निराळी कामे आहेत, हेही येथे सांगितले पाहिजे. पहिला पान कसे दिसावे आणि वाचणाऱ्याचा हात कोठून कोठे जावा हे ठरवतो, तर दुसरा ते पान चालते करतो. लहान कामात दोन्ही कामे बहुधा एकच माणूस करतो, पण आपल्या कामाचा अवघड भाग कोणता आहे हे ओळखून त्या भागात पक्का असलेला माणूस निवडावा.

जुने काम तपासणे

डिझायनर आपले ताजे काम दाखवील. आपण त्याला दोन-तीन वर्षांपूर्वी केलेल्या वेबसाइटींची नावे मागावीत. नवी वेबसाइट सर्वांचीच चांगली दिसते. दोन वर्षांनंतर ती चालू आहे का, तिच्यावरचे दर अद्ययावत आहेत का, फोन नंबर लागतो का, यावरून डिझायनरने ग्राहकाची साथ किती ठेवली हे समजते. त्या वेबसाइटी त्याच्या लॅपटॉपवर पाहू नयेत. आपल्या स्वतःच्या मोबाइलवर, वाय-फाय बंद करून, शक्य असल्यास गावाबाहेर नेटवर्क कमी असलेल्या ठिकाणी उघडून पाहाव्यात, कारण आपला ग्राहक बहुधा अशाच परिस्थितीत असतो. गुगलचे ‘पेजस्पीड इनसाइट्स’ नावाचे मोफत साधन आहे. त्यात वेबसाइटचा पत्ता टाकला की मोबाइलवर ती किती वेगाने उघडते याचा अहवाल मिळतो. पानावरील मुख्य मजकूर किंवा चित्र अडीच सेकंदांच्या आत दिसावे, अशी गुगलची शिफारस आहे. एखाद्या वेबसाइटला त्याहून थोडा जास्त वेळ लागला म्हणून डिझायनरला बाद करू नये. पण त्याच्या सर्वच वेबसाइटींना आठ-दहा सेकंद लागत असतील, तर तो कॅमेऱ्यातील मोठमोठी छायाचित्रे लहान न करता तशीच चढवत असावा, असे समजावे.

पत्त्याच्या आरंभी सुरक्षित जोडणीची खूण (https) आहे का, हेही पाहावे. जुलै २०१८ पासून क्रोम ब्राउझर अशी जोडणी नसलेल्या प्रत्येक वेबसाइटवर ‘सुरक्षित नाही’ अशी सूचना दाखवतो, आणि ती पाहून नवा ग्राहक मागे फिरतो. या सुरक्षिततेचे प्रमाणपत्र ‘लेट्स एन्क्रिप्ट’सारख्या संस्थेकडून विनामूल्य मिळते आणि बहुतेक होस्टिंगवाले, म्हणजे वेबसाइटसाठी जागा भाड्याने देणारे, ते आपोआप बसवून देतात. म्हणून साध्या वेबसाइटच्या कोटेशनमध्ये या प्रमाणपत्रासाठी दरवर्षी मोठी रक्कम लावलेली दिसली, तर तिचे कारण विचारावे.

यानंतर त्या जुन्या ग्राहकांपैकी किमान दोघांना फोन करावा. डिझायनर चांगला आहे का, असे विचारले तर ‘चांगला आहे’ एवढेच उत्तर मिळते. त्याऐवजी, एखादा बदल सांगितल्यावर किती दिवसांत होतो, वेबसाइट कधी बंद पडली होती का आणि तेव्हा काय झाले, आणि तुमच्या डोमेनचा लॉगिन तुमच्याकडे आहे का, हे तीन प्रश्न विचारावेत. तिसऱ्या प्रश्नावर पलीकडून ‘तो काय असतो?’ असे उत्तर आले, तर आपली गत पुढे काय होणार हे तेथेच कळते.

मराठीची परीक्षा

आपला ग्राहक मराठी वाचणारा असेल, तर ही परीक्षा घेतल्याशिवाय पुढे जाऊ नये, कारण या बाबतीत चांगले डिझायनरही चुकतात. छपाईच्या कामात अजूनही जुन्या पद्धतीचे मराठी फॉन्ट चालतात. त्यांतील अक्षरे पडद्यावर मराठी दिसतात, परंतु आतून ती रोमन अक्षरांच्या जागी बसवलेली असतात. पत्रकासाठी टाइप केलेला असा मजकूर वेबसाइटवर चिकटवला तर दुसऱ्याच्या मोबाइलवर निरर्थक अक्षरे उमटतात. ती अडचण टाळण्यासाठी काही डिझायनर संपूर्ण मजकुराचे चित्र करून लावतात. मग तो मजकूर शोधयंत्राला मजकूर म्हणून नीट मिळत नाही, दृष्टिहीन व्यक्तीच्या मोबाइलला वाचून दाखवता येत नाही आणि एक भाव बदलायचा झाला तरी चित्र नव्याने करावे लागते. तपासण्याची रीत अगदी सोपी आहे. डिझायनरने केलेल्या मराठी पानावरील एक वाक्य बोट दाबून निवडावे, कॉपी करावे आणि व्हॉट्सॲपवर स्वतःलाच पाठवावे. ते जसेच्या तसे मराठीत आले तर मजकूर युनिकोडमध्ये, म्हणजे सर्व मोबाइलांना समजणाऱ्या संकेतांत, आहे. निवडताच आले नाही किंवा भलतीच अक्षरे आली, तर नाही.

याच्या पुढची पायरी अक्षरांच्या वळणाची आहे. मराठीतील ‘ल’ आणि ‘श’ यांची वळणे हिंदीतील वळणांहून निराळी आहेत, आणि ‘दुसऱ्या’, ‘वाऱ्यावर’ या शब्दांतील अर्धा र आपण निराळ्या खुणेने लिहितो. काही देवनागरी फॉन्टांमध्ये मराठी वळणाची सोय असते, परंतु पानाची भाषा मराठी आहे असे वेबसाइटच्या आतल्या भागात नोंदवले नाही, तर ती सोय कामाला लागत नाही. बहुतेक तयार थीममध्ये, म्हणजे वेबसाइटच्या तयार साच्यांमध्ये, भाषा इंग्रजी अशीच नोंदवलेली असते आणि ती बदलण्याचे कोणाच्या ध्यानात येत नाही. ‘पानाची भाषा मराठी नोंदवाल ना?’ एवढे विचारावे. ज्याने मराठी वेबसाइट मनापासून केली आहे, त्याला हा प्रश्न लगेच समजतो.

मजकूर यंत्राकडून भाषांतरित करून लावणार नाही, हे स्पष्ट करून घ्यावे. आपला माल ज्या नावाने लोक शोधतात ती नावेही आपणच द्यावीत. बिबडे, बिबड्या आणि ज्वारीचे पापड अशा तिन्ही नावांनी लोक शोधतात, हे पुण्यातील डिझायनरला ठाऊक असण्याचे कारण नाही. देवनागरीतील डोमेनही घेता येते. २०१४ मध्ये सुरू झालेल्या डॉट भारत या प्रकारात मराठी नाव मिळते. मी मात्र ते जोडनाव म्हणून घ्यावे आणि मुख्य पत्ता डॉट इन किंवा डॉट कॉम असा ठेवावा असे सुचवीन, कारण फोनवर पत्ता सांगताना आणि ईमेल पाठवताना अजून तोच सोयीचा पडतो.

मालकी

आता त्या सातबाऱ्याकडे येतो. वेबसाइट म्हणजे एक वस्तू नसून चार-पाच निराळ्या नोंदींचा संच आहे, आणि प्रत्येक नोंदीचा मालक निराळा असू शकतो.

पहिली नोंद डोमेनची. डोमेन कोणी विकत घेत नाही. ते एक ते दहा वर्षांच्या मुदतीने नोंदवले जाते आणि मुदत संपण्यापूर्वी नूतनीकरण करावे लागते. नोंदणी करताना जे नाव, ईमेल आणि फोन नंबर दिले जातात, त्यांच्याच हाती पुढचा सर्व कारभार राहतो. म्हणून डिझायनर ठरण्यापूर्वीच आपण स्वतः व्यवसायासाठी एक निराळा ईमेल उघडावा, त्याला आपला फोन नंबर जोडावा आणि त्या ईमेलवरून, आपल्या कार्डाने किंवा यूपीआयने पैसे भरून, डोमेन नोंदवावे. नेहमीच्या डॉट इन किंवा डॉट कॉम नावाला वर्षाकाठी काही शे रुपयांपासून हजार-दीड हजारापर्यंत खर्च येतो आणि नोंदणीला पंधरा मिनिटे पुरतात. पहिल्या वर्षाचा दर सवलतीचा असतो. दुसऱ्या वर्षाचा किती हे तेव्हाच पाहून ठेवावे. जमत नसेल तर घरातील मुलाला किंवा मुलीला शेजारी बसवून घ्यावे, पण ईमेल आपलाच असावा. कामगाराच्या किंवा भाच्याच्या खासगी ईमेलवर नोंद करू नये, कारण तोही उद्या दुसरीकडे जाऊ शकतो.

मुदत संपलेले डोमेन लगेच दुसऱ्याला मिळते असे नाही. डॉट कॉमसारख्या नावांना आधी काही दिवसांची सवलत आणि मग जादा शुल्क भरून नाव सोडवण्यासाठी ३० दिवस मिळतात. परंतु ती सोय नोंदणी ज्याच्या खात्यात आहे त्यालाच असते. आमच्या बाबतीत हे सर्व दिवस डिझायनरचा शोध घेण्यात गेले. डोमेन एका कंपनीकडून दुसरीकडे न्यायचे असेल, तर एक गुप्त संकेतांक लागतो आणि तोही खातेदारालाच मिळतो; शिवाय नव्या नोंदणीनंतर सुरुवातीचे ६० दिवस सहसा असे स्थलांतर करता येत नाही. आपली वेबसाइट आधीच दुसऱ्याच्या नावावर असेल, तर संबंध चांगले आहेत तोवरच ते डोमेन आपल्या खात्यात वळते करून मागावे. भांडण झाल्यावर हे काम फार अवघड होते.

दुसरी नोंद होस्टिंगची, म्हणजे वेबसाइट ज्या संगणकावर ठेवलेली असते त्या जागेच्या भाड्याची. अनेक डिझायनर स्वतः मोठी जागा घेऊन त्यात वीस-पंचवीस ग्राहकांच्या वेबसाइटी ठेवतात. यात गैर काही नाही आणि लहान ग्राहकाला ते स्वस्तही पडते. मात्र अशा वेळी वेबसाइटची संपूर्ण प्रत, फाइली आणि डेटाबेस (माहितीचा साठा) दोन्ही, दर महिन्याला आपल्याला मिळेल असे लेखी घ्यावे. वर्डप्रेससारख्या वेबसाइट तयार करण्याच्या साधनावर वेबसाइट असेल तर ‘ॲडमिनिस्ट्रेटर’ दर्जाचा लॉगिन आपल्याकडे असला पाहिजे. फक्त मजकूर बदलता येईल असा ‘एडिटर’ लॉगिन पुरेसा नाही. वर्डप्रेस स्वतः मुक्त आणि विनामूल्य आहे, पण त्यावरच्या काही थीम आणि प्लगिन (जादा सोयींचे जोडप्रोग्राम) विकत घ्याव्या लागतात. त्यांचा परवाना कोणाच्या नावावर आहे, हे विचारावे. परवाना मोडून फुकट वाटल्या जाणाऱ्या थीममध्ये घातक प्रोग्राम दडवलेला असू शकतो, म्हणून तसली थीम वापरणार नाही हेही कागदावर यावे.

गुगलवरील व्यवसायाच्या नोंदीचे प्राथमिक मालक आपण असावे आणि डिझायनरला व्यवस्थापक म्हणून जोडावे. पेमेंट गेटवे (ऑनलाइन पैसे स्वीकारण्याची सेवा) असेल तर तो आपल्या पॅनवर आणि आपल्याच बँक खात्याला जोडलेला हवा. ग्राहकाचे पैसे आधी डिझायनरच्या खात्यात येऊन मग आपल्याला मिळतील, अशी व्यवस्था कोणत्याही कारणाने मान्य करू नये.

शेवटची बाब कायद्याची आहे आणि ती फार थोड्यांना ठाऊक असते. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार कृतीचा पहिला मालक सर्वसाधारणपणे ती निर्माण करणारा असतो. पगारी नोकराने नोकरीच्या ओघात केलेले काम, विरुद्ध करार नसेल तर, मालकाचे होते. पण बाहेरच्या व्यावसायिकाने मोबदला घेऊन लिहिलेल्या प्रोग्रामचा हक्क केवळ पैसे दिल्यामुळे आपोआप आपल्याकडे येत नाही. त्यासाठी लेखी आणि सहीनिशी हस्तांतरण लागते. त्याच कायद्याच्या कलम १९ प्रमाणे हस्तांतरणाच्या लेखात मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षे, आणि प्रदेश लिहिला नसेल तर तो भारतापुरता धरला जातो. म्हणून करारात ‘या वेबसाइटसाठी खास तयार केलेल्या रचनेचे, प्रोग्रामचे व बोधचिन्हाचे सर्व हक्क, कॉपीराइटच्या संपूर्ण मुदतीसाठी आणि सर्व देशांसाठी, पूर्ण रक्कम मिळताच ग्राहकाकडे हस्तांतरित होतील’ या आशयाचे वाक्य असावे. पूर्ण रक्कम मिळण्याची अट डिझायनरच्या बाजूने न्याय्य आहे आणि तिला आक्षेप घेऊ नये.

कोटेशन आणि करार

तीन जणांकडून कोटेशन मागवावे, पण तिघांनाही आपण लिहिलेला तोच कागद द्यावा. नाहीतर एकाचे पंधरा हजार आणि दुसऱ्याचे चाळीस हजार यांची तुलना करता येत नाही. एकूण रकमेपेक्षा दुसऱ्या वर्षापासून दरवर्षी किती खर्च येणार, हा आकडा आधी पाहावा. पहिल्या वर्षी स्वस्त वाटणारे काम पुढे देखभालीच्या नावाखाली महाग पडलेले मी पाहिले आहे. पाने किती, वस्तू किती, मराठी आणि इंग्रजी दोन्ही का, मजकूर कोण लिहिणार, छायाचित्रे कोण काढणार, दुरुस्तीच्या किती फेऱ्या मोबदल्यात धरल्या आहेत आणि जीएसटी धरला आहे की निराळा, हे कोटेशनमध्ये लिहिलेले असावे. ‘गुगलवर पहिला नंबर आणून देतो’ अशी हमी कोणी दिली, तर ते कोटेशन बाजूला ठेवावे. अशी हमी कोणीच देऊ शकत नाही, असे गुगलनेच आपल्या मार्गदर्शनात म्हटले आहे.

पैसे टप्प्याटप्प्याने द्यावेत. आम्ही दुसऱ्या वेळी तीस टक्के आरंभी, चाळीस टक्के रचना मान्य झाल्यावर आणि उरलेले तीस टक्के सर्व लॉगिन हाती आल्यावर दिले, आणि कोणालाच तक्रारीला जागा राहिली नाही. फार घासाघीस करू नये, असेही मनापासून सांगतो. दीड महिन्याचे काम पाच हजारांत करायला लावले, तर तो मुलगा दुसऱ्याची वेबसाइट आपल्यावर चिकटवील, आणि त्याला दोष देता येणार नाही.

आपल्या बाजूचे काम

कामाला उशीर होतो तो निम्म्या वेळा आपल्यामुळे. मजकूर, दर आणि छायाचित्रे तयार नसताना डिझायनरला काम सुरू करायला सांगू नये. छायाचित्रे आपलीच असावीत. गच्चीवर वाळत घातलेल्या बिबड्यांचे सकाळच्या उन्हात साध्या मोबाइलने काढलेले चित्र, इंटरनेटवरून उचललेल्या परक्या स्वयंपाकघराच्या चित्रापेक्षा ग्राहकाला अधिक विश्वास देते, आणि उचललेल्या चित्रावर मूळ मालक हक्कही सांगू शकतो. भौगोलिक मानांकनाच्या, म्हणजे विशिष्ट भागातल्या खास मालाला मिळणाऱ्या सरकारी ओळखीच्या, बाबतीतही असाच उत्साह आवरावा लागतो. जळगावची केळी, जळगावचे भरिताचे वांगे आणि नवापूरची तूरडाळ यांना हे मानांकन मिळालेले आहे. परंतु त्याचे चिन्ह वेबसाइटवर लावण्यासाठी अधिकृत वापरकर्ता म्हणून आपली नोंदणी हवी. डिझायनरने शोभेसाठी ते चिन्ह लावले तरी जबाबदारी आपलीच राहते.

ऑनलाइन विक्री करायची असेल, तर २०२० च्या ई-कॉमर्स नियमांप्रमाणे व्यवसायाचे कायदेशीर नाव, पत्ता, संपर्क, परतावा-बदलीचे धोरण आणि तक्रार निवारण अधिकाऱ्याचे नाव वेबसाइटवर द्यावे लागते. लहान उद्योगात तो अधिकारी मालक स्वतःच असू शकतो. तक्रार आल्याची पोच ४८ तासांत आणि निवारण एका महिन्यात करणे अपेक्षित आहे. खाद्यपदार्थ असतील तर एफएसएसएआयचा (अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा) १४ अंकी क्रमांक, निव्वळ वजन आणि कमाल किरकोळ किंमत प्रत्येक वस्तूखाली असावी. ही पाने नसली तर पेमेंट गेटवेची मंजुरीही अडते.

काम ताब्यात घेताना

शेवटचा हप्ता देण्यापूर्वी एक संपूर्ण दिवस तपासणीसाठी ठेवावा. घरातील वडीलधाऱ्या माणसाच्या हाती मोबाइल देऊन, काहीही न सांगता, त्यांना एक वस्तू मागवायला सांगावी. ते जेथे अडतात तेथे वेबसाइटमध्ये दोष आहे असे समजून तो दुरुस्त करून घ्यावा. संपर्काचा अर्ज परक्या फोनवरून भरून पाहावा आणि तो आपल्या ईमेलवर येतो का ते पाहावे, कारण अर्ज भरला जातो पण मालकापर्यंत पोहोचतच नाही, हा सर्वांत जास्त आढळणारा आणि सर्वांत उशिरा लक्षात येणारा दोष आहे. एक रुपयाची खरी खरेदी करून पैसे आपल्या खात्यात जमा होईपर्यंत वाट पाहावी.

त्यानंतर डोमेन, होस्टिंग, ॲडमिनिस्ट्रेटर, गुगल आणि गेटवे यांचे लॉगिन एका कागदावर घेऊन, डिझायनर समोर असतानाच प्रत्येकात स्वतः शिरून पाहावे आणि त्याच बैठकीत पासवर्ड बदलावेत. देखभालीसाठी डिझायनरला प्रवेश हवा असेल, तर त्याच्या नावाचे निराळे खाते उघडून द्यावे. तो कागद आम्ही दुकानाच्या परवान्यांच्या फाइलीत ठेवतो. डोमेन आणि होस्टिंगच्या मुदतीच्या तारखा वहिनींनी दिवाळीच्या वहीपूजनाच्या दिवशी नव्या वहीच्या पहिल्या पानावर, वीजबिलाच्या ग्राहक क्रमांकाखाली, स्वतःच्या हाताने लिहिल्या आहेत, आणि होळी झाली की त्या ते पान उघडून पाहतात, कारण आमच्या दोन्ही मुदती आखाजीच्या आधी संपतात.